पोहायची वेळच आली नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबा फार बोलले नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. मी ठणठणीत आहे. साधी शिंकही नाही. खोली, ऑफिस, डबा सगळं तेच.

पोहता येत नसताना शिडाच्या बोटीत बसलीच कशी, हा आईचा प्रश्न. अगं, लाइफ जॅकेट दिवसभर अंगात होतं. बोट ऑफिसातल्या एका बाईंची, आणि ते नवराबायको लहानपणापासून याच पाण्यात वाढलेत. बोट कलते, तशी ती कलायचीच. उलटू नये म्हणून तळाला जड वजन असतं. इथे अमेरिकेतल्या लेक सुपीरियरच्या काठी बेफिल्ड नावाचं गाव आहे, तिथून निघालो आणि दोन रात्री त्या तळ्यातल्या अपॉसल बेटांत राहिलो. बेटं 22 आहेत, त्यामुळे वारा फिरला की कुठल्या तरी बेटाच्या आडोशाला नांगर टाकता येतो. लेक सुपीरियर म्हणायला तळं, पण महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून मोठं. लाटा समुद्रासारख्या, पाणी मात्र गोडं. गारही इतकं, की ती दोघं उडी मारून ओरडतच वर आली. मी उतरलेच नाही. स्टॉक्टन बेटावर अस्वलं आहेत म्हणे, आम्हाला एकही दिसलं नाही. बाबा, तो विषय इथेच संपला.

पण त्यांतल्याच मॅडलीन बेटावर एक ऐकलं ते काही डोक्यातून जात नाही. तिथे वर्षभर माणसं राहतात. उन्हाळ्यात बेफिल्डला जायला फेरीबोट, हे ठीक. हिवाळ्यात तळं गोठलं, की त्याच बर्फावरून गाड्या नेतात! आपल्या साध्या गाड्या. रस्ता कळावा म्हणून नाताळ झाल्यावर टाकून दिलेली झाडं बर्फात दोन्ही बाजूंना रोवतात. बर्फ धड पक्का नाही आणि बोटही चालत नाही, अशा मधल्या दिवसांत मागे मोठे पंखे लावलेली एक गाडी बर्फावरून घसरत जाते, आणि मोठ्या वर्गांतली मुलं त्यातून पलीकडे शाळेला जातात. खाली पाणी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मी विचारलं, भीती नाही वाटत? त्या बाई म्हणाल्या, बर्फ किती जाड झालाय ते बघूनच सोडतात. मी काही जाणार नाही, तेव्हा आई, उगाच नवस बोलू नकोस.

श्रावण लक्षात होता. सगळ्यांनी तळ्यातला मासा खाल्ला, मी तू पाठवलेल्या मेतकुटाबरोबर भात. आणि सहलीला फारसे पैसे गेले नाहीत, पेट्रोल आणि किराणा तेवढा वाटून घेतला. हे आपलं सांगून ठेवते.

दादाच्या लग्नाच्या हॉलच्या आगाऊ रकमेतले उरलेले त्याच्या खात्यात टाकलेत, त्याला बघायला सांगा. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख अजून मिळालेली नाही. त्याशिवाय इथून बाहेर पडले तर परत येताना अडकेन. म्हणून साखरपुड्याला मला धरू नका. लग्नाला मात्र येणार, तिकिटांवर रोज नजर आहे. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळीही मी असंच म्हणाले होते, माहीत आहे. वहिनीच्या साडीचे पैसे मीच देणार, यावर वाद नको. आणि पुण्याच्या त्या स्थळाला दादाचं लग्न होईपर्यंत थांबवता आलं तर बघ ना. नाही म्हटलेलं नाही मी, फोटो पाहिलाय.

तुमची,
मनू

ता. क. बाबांनी डोळ्यांत थेंब घालायचे सोडले असतील तर मला खरं सांग.