मनाली–लेहला निघण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

शर्यतींचा सीझन संपल्या संपल्या शर्यतीच्याच सायकलवर मनाली–लेह करणार आहेस, तर आधी सायकलचं बघू. तुझी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, लावलेली आहे ऐंशी-नव्वद मिनिटांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीसाठी. आता तिच्यावर रोज सहा-सात तास बसायचंय, वर दहा किलो सामान.

पेडलजवळचं दातेरी चक्र, म्हणजे पुढची ३४ दातांची चेनरिंग काढ, २८ ची लाव. मागे ५१ दातांचं चक्र आहे म्हणून भागेल असं समजू नकोस. वाटेतली तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे, तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू पुण्याच्या निम्म्याहून जरासाच जास्त. रिंग सहा दातांनी लहान झाली की चेनच्या दोन कड्या कमी कर, एक आतली आणि एक बाहेरची. नाहीतर लहान गिअरवर चेन लोंबते. चेन तुटली तर जोडायची जादा कडी, क्विक-लिंक, बारा स्पीडचीच घे.

टायरमध्ये शर्यतीला तू हवेचा दाब २० पीएसआय ठेवतेस. सामानासकट तेवढ्यावर गेलीस तर पहिल्याच खड्ड्यात रिम आपटेल. पुढे २५, मागे ३० भर आणि रोज मोजत बसू नकोस. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे मनालीत भरलेली हवा तांगलांग लावर चारेक पीएसआय जास्त दाखवते. थंडीने त्यातले दोन-तीन परत उतरतात. टायरमधलं भोकं बुजवणारं सीलंट उन्हाळ्यात सुकलेलं असणार, दोन्ही टायरमध्ये नवीन १०० मिली घाल. एक ट्यूबही सोबत असू दे. ती घालायची वेळ आली तर आधी टायर आतून फडक्याने पूस. तुझ्या ट्यूबलेस टायरमध्ये बाभळीचे काटे सीलंटखाली महिनोन्महिने मुक्काम ठोकून बसतात आणि ट्यूब घातली की पाच मिनिटांत पंक्चर. फडकं अडकेल तिथे काटा. बोटाने शोधू नकोस.

हँडलबारला बांधलेली बॅग घरी ठीक दिसते, वाटेत टायरला घासते. म्हणून बॅग बांधून झाली की पुढच्या सस्पेन्शन फोर्कमधली हवा पूर्ण सोड, हँडलवर भार टाकून फोर्क खालपर्यंत दाब आणि टायर व बॅगमध्ये बोटभर जागा उरते का ते बघ. मग हवा पुन्हा भर. अवजारं आणि पाणी फ्रेमच्या त्रिकोणात, झोपायची पिशवी पुढे. सीटमागे जड काही नको, चढावर सायकल डुलते.

बसमध्ये टाकताना चेन मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर ठेव, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर आत सरकतो. चाकं काढलीस तर ब्रेक पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाल. कुणी गंमत म्हणून लिव्हर दाबलं की पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क आत जात नाही. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं.

उंचीच्या बाबतीत मात्र शर्यतीची खुमखुमी घरी ठेव. तंदुरुस्त पोरीच जास्त फसतात, कारण पाय थकत नाहीत. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये असं सांगतात, आणि वाटेतल्या जिस्पा ते सरचू या मुक्कामांमधली उडी हजाराच्या घरात आहे. म्हणून जिस्पात एक रात्र जादा काढ. त्या दिवशी सामान न घेता झिंगझिंगबारच्या दिशेने चढ आणि झोपायला खाली ये. सरचूची खरी गोम वेगळीच. तिथे डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तर खाली उतरायला हवं, पण मनालीकडे बारालाचाची खिंड चढावी लागते आणि लेहकडे गाटा लूप्सची २१ वळणं. म्हणून बारालाचाच्या अलीकडेच डोकं धरलं असेल तर पुढे जाऊ नकोस, मागे फीर. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी आहे का तेही सांग. बारालाचाच्या आसपासचे नाले सकाळीच ओलांड; दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

पाळीची तारीख मध्ये येतेय का बघ. कप वापरणार असशील तर धुवायला उकळून गार केलेलं पाणी वेगळ्या बाटलीत ठेव. पॅड वापरलेस तर झिपलॉकमध्ये भरून लेहपर्यंत सोबत आण, तंबूंमागे टाकू नकोस. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही हे तुला माहीत आहेच. दोन जोड ने आणि रोज एक धू.

राहिला डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा. तो मऊ ॲल्युमिनियमचा असतो आणि दुसऱ्या मॉडेलचा बसत नाही. मनालीत किंवा लेहमध्ये तुझ्या फ्रेमचा मिळेल या भरवशावर राहू नकोस. फ्रेमचं मॉडेल आणि वर्ष बघून स्क्रूसकट आजच मागव, यायला दिवस लागतात.

तुझी,
आई