पासबुकाला येणारा वास

सोलापूर

तीर्थरूप आई-अप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

अप्पा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "बाळ लहान आहे गं. शाखाधिकारीपदाला नाही म्हण, दोन-तीन वर्षं घरी बस." काळजीनंच म्हणालात. तेव्हा मी गप्प राहिले, बोलले असते तर रडू आलं असतं. म्हणून लिहितेय.

आपल्याकडे घरी बसलेली बाई मी पाहिलीच नाही, अप्पा. तुम्ही मागावरची रात्रपाळी करून यायचात तेव्हा आई कात्रीनं पानं कापत असायची. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि सुपाला टेकून मी. हजार विड्या वळून झाल्याशिवाय ती उठायची नाही. धाकट्याच्या बारशानंतर चौथ्या दिवशी पुन्हा सूप घेऊन बसली. त्याला पाजण्यापूर्वी आधी साबणानं, मग राखेनं हात घासायची, तरी वास जायचा नाही. तो तोंड फिरवायचा. तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेले नाही. तिच्या कामाला आपण कुणी नोकरी म्हटलं नाही, एवढंच.

मला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. 2017 साली कायदा बदलला, त्याआधी 12च आठवडे होते. 50 माणसं कामाला असली तर पाळणाघरही द्यावं लागतं. आमच्या पतसंस्थेत आम्ही 14 जण, म्हणून ते नाही. मे महिन्यात कामावर हजर झाले. रेकॉर्डच्या खोलीत, जुन्या खतावण्यांच्या कपाटाआड उभी राहून दूध काढायचे आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायचे. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एकदा बर्फ वितळला, दूध नासलं. मोरीत ओतताना आई, तुझे घासून लाल झालेले हात आठवले.

आता घडी बसलीय. यांची सकाळची शाळा, साडेबाराला घरी येतात, तोवर सासूबाई बघतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून नळ येईल त्या दिवशी पहाटे आम्ही दोघं पाणी भरतो. गेल्या आठवड्यात बाळ पहिल्यांदा धरून उभं राहिलं, ते मी फोनवरच पाहिलं. खूप वाईट वाटलं. तरी काम सोडावंसं वाटलं नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही.

कारण मला हे काम मनापासून आवडतं. विडी वळणाऱ्या बायका आठवड्याला शंभर-दोनशे भरायला येतात. त्यांचं पासबुक हातात घेतलं की तोच वास येतो. शिल्लक किती झाली ते मी मोठ्यानं वाचून दाखवते, आणि त्या पदर सावरून पुन्हा एकदा वाचायला सांगतात.

मी हो म्हटलंय, अप्पा. रागावू नका.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला या. हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं मी काढते. अक्षता सोहळ्याला बाळाला खांद्यावर तुम्हीच घ्यायचं. आणि आई, तू नातू सांभाळायला ये असं मी म्हणत नाही. एक दिवस माझ्या शाखेत ये, टेबलासमोरच्या खुर्चीत निवांत बस. येताना तुझं पासबुक आण, मी वाचून दाखवते.

खोकल्याचं औषध बंद करू नकोस.

तुमची लेक