व्यासपीठ नको, सभागृहाची किल्ली द्या

महोदय,

वाचकांच्या पत्रांत अलीकडे ग्रामसभांविषयी बरेच वाचायला मिळाले. लोक येत नाहीत, आले तर हमरीतुमरीवर येतात, ठराव झालेच तर फायलीत पडून राहतात, असा एकंदर सूर. त्यात खोटे काही नाही. पण त्यावरून गोंयकाराला गावाचे सोयरसुतक उरलेले नाही असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. मी कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचा, निवृत्त कंडक्टर. नोकरीतला बराच काळ फोंडा-पणजी मार्गावर गेला. म्हार्दोळहून बस बाणस्तारीला पोचेपर्यंत लोक पाण्यापासून पंचायतीपर्यंत आणि खड्ड्यांपासून रानडुकरांपर्यंत इतके काही बोलत, की तिकीट फाडता फाडता माझा हात थांबायचा. हीच माणसे ग्रामसभेत एक तर गप्प बसतात नाही तर ओरडतात. असे का?

मला वाटते, निम्मे कारण खुर्च्यांच्या मांडणीत आहे. पुढे टेबल, टेबलावर माईक, पलीकडे सरपंच, पंच आणि सचिव, अलीकडे आम्ही रांगेत. उभा राहणारा प्रत्येक जण मागणी करतो आणि बसलेला प्रत्येक जण "बघतो" म्हणतो. सांगायचे काम आमचे, करायचे काम त्यांचे, ही वाटणी कुणी तोंड उघडण्याआधीच झालेली असते. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा विषय पहिला. बायका मागच्या भिंतीला टेकून उभ्या, आणि ज्याला खरोखर काही ठाऊक आहे तो बहुधा दाराबाहेर विडी ओढत असतो.

आमच्या वाड्यावर आम्ही दुसऱ्या तऱ्हेने जमायला लागलो, त्याची हकीकत सांगण्यासाठी हे पत्र.

वाडा फोंडा तालुक्यातल्या कुळागरांच्या, म्हणजे पोफळी-केळींच्या बागायतींच्या, पट्ट्यात. डोंगराच्या पायथ्याला झर (झरा), झरीचे पाणी तळीत, तळीतून पाटाने पोफळी-केळींत. पाट सगळ्यांचा, म्हणून पूर्वी पाऊस सरला की प्रत्येक कुळागरातून एक माणूस कुदळ-पावडे घेऊन यायचा आणि पाट उपसला जायचा. पुढे घरोघरी मोटारपंप आले, बांयी (विहिरी) खोल गेल्या, काही घरांना कुलपे लागली, काहींची मुले आखातात नि इंग्लंडला गेली. पाट सगळ्यांचा होता तो कुणाचाच उरला नाही. त्यात गाळ, झावळ्या आणि लग्नकार्यातल्या वापरून फेकलेल्या प्लेटी. तळी निम्मी बुजली. ग्रामसभेत विषय निघाला की उत्तर ठरलेले, खात्याला पत्र लिहू. पत्रे गेलीही असतील.

माझी भाची पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आली होती, तेव्हा माझी ही कुरकुर ऐकून म्हणाली, "मामा, तुम्ही सभा घेऊच नका. नुसता चहा ठेवा." मग तिने हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांची गोष्ट सांगितली. या माणसाने वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली आणि शेवटी लोकांनी सांगितले काय, तर सगळ्यांत चांगला भाग चहापाण्याच्या सुट्टीचा होता. म्हणून १९८५ साली त्यांनी अशी परिषद घेतली, जिच्यात आधी ठरवलेली विषयपत्रिकाच नव्हती. लोक गोल बसले, ज्याला जो विषय जिव्हाळ्याचा त्याने तो कागदावर लिहून लावला, आणि ज्यांना त्यात रस ते त्याच्याभोवती जमले. जे आले तेच योग्य लोक, असा त्यांचा एक नियम. दुसरा नियम दोन पायांचा. जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या घोळक्यात जावे, कुणी वाईट वाटून घ्यायचे नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या एका खेड्यातले लोक कसे जमतात हे पाहिल्याचाही त्यांना उपयोग झाला म्हणे. हा दुसरा नियम मला फार आवडला. "पुढे चला, पुढे जागा आहे" असे मी जन्मभर लोकांना सांगत आलो, ते हेच.

चवथ झाल्यावर, दिवाळीच्या अगोदर, एका रविवारी संध्याकाळी देवळाच्या चौकात जमायचे ठरवले. प्रमुख पाहुणे नाहीत, समई पेटवणे नाही, माईक नाही. खांबाला दोरी बांधली, कपड्यांचे चिमटे घेतले आणि जुन्या कॅलेंडरांची पाने उलटी करून ठेवली. अट एकच घातली. विषय लिहिणाऱ्याने खाली आपले नाव लिहायचे आणि त्याच कागदाखाली बसायचे. विषय मांडला, तर त्याचा भार आधी आपल्या खांद्यावर. बोलणे कोकणीत, ठरलेले लिहून ठेवायची वही मराठीत, आपल्याकडे हे काही नवे नाही.

पहिला कागद माकडांचा लागला. सगळ्यांत मोठा घोळका तिथे, सगळ्यांत जास्त आवाज तिथे, आणि निष्पत्ती शून्य. आजतागायत शून्य. रस्त्यावरच्या दिव्यांचा कागद एका तरुणाने लावला, पण "पंचायतीने करावे" यापलीकडे त्याला काही म्हणायचे नव्हते, त्यामुळे त्याच्या बाजूला कुणी बसले नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच उठून पाटाच्या घोळक्यात आला. आज पाटाचे निम्मे काम तोच पाहतो.

पाटाच्या घोळक्यात क्रिकेट खेळणारी पोरे होती, दोन-तीन कुळागरवाले होते आणि आमचा म्हातारा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, होता. या माणसाचे आयुष्य माडांवर चढण्यात गेले. वरून सगळा वाडा त्याने पाहिलेला. ग्रामसभेत त्याने कधी तोंड उघडलेले मला आठवत नाही. इथे त्याने खिशातून खडू काढला (नातवाचा असावा) आणि चौकाच्या फरशीवर पाट काढून दाखवला. झर कुठे, कुठल्या वळणावर चिऱ्यांचे बांधकाम ढासळले आहे, कुणाच्या गडग्याखाली (दगडी कुंपणाखाली) तो दाबला गेला आहे, सगळे. पोरे पाटाच्या वरच्या अंगाला भिडणार होती. तो म्हणाला, खालच्या तोंडापासून घ्या, साचलेले पाणी आधी वाहून जाऊ द्या, मग वरचा गाळ आपसूक उघडा पडतो. वरून सुरुवात केलीत तर पोटरीभर चिखलात उभे राहाल. तसेच केले. ज्याच्या गडग्याखाली पाट दाबला गेला होता तो गृहस्थही तिथेच बसलेला होता. ग्रामसभेत हा विषय काढला असता तर तो वकील घेऊन आला असता. इथे कुणी त्याच्याकडे बोट दाखवले नाही, नुसता खडू त्याच्या गडग्यापाशी थांबला. त्याने आपणहून गडग्याखालून मोठ्या व्यासाचा सिमेंटचा पाइप घालून द्यायचे कबूल केले, आणि घातला.

आणखी एक कागद एका वहिनींचा, ताटांचा. पाटात प्लेटी येतात कारण आपणच त्या वापरतो, असे त्यांचे सरळ म्हणणे. वाड्यासाठी स्टीलची ताटे-वाट्या घ्यायच्या, म्हाळ (श्राद्ध) असो, बारसे असो, सप्ताह असो, ज्याला लागतील त्याने न्यायच्या, घासून-पुसून आणून द्यायच्या. प्रत्येक ताटाच्या पाठीवर खिळ्याने खूण केली आहे. नेताना मोजून, आणताना मोजून, कमी भरली तर भरपाई. ताटे पुरी येतात, वाट्या मात्र दर वेळी एखाद-दुसरी कमी भरते. का, ते देव जाणे. पुरुषांच्या हाती हे काम दिले असते तर ताटांचीही गत तीच झाली असती.

आता टिकण्याविषयी. एकदा जमणे सोपे असते. आपल्याकडे लोक जमत नाहीत असे कोण म्हणेल? १९९४-९५ साली केरीच्या भुतखांब पठारावर येऊ घातलेल्या नायलॉन ६,६ कारखान्याविरुद्ध आमचा अख्खा तालुका उठला होता. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक या तरुणाचा बळी गेला, आणि अखेर कारखाना गोव्याबाहेर गेला. जमिनीच्या वापराच्या 'प्रादेशिक आराखडा २०११'विरुद्ध २००६च्या अखेरीस लोक पणजीत रस्त्यावर उतरले आणि काही आठवड्यांत सरकारला तो मागे घ्यावा लागला. "नको" म्हणायला गोव्यातले गाव आजही एका हाकेत गोळा होते. पण नको ते टळल्यावर हवे ते करायला कोण बसतो? पठार वाचले म्हणजे झर वाचली असे नाही, पाट तर मुळीच नाही. आंदोलनाला शत्रू असतो, शत्रू गेला की माणसे पांगतात. गाळाला शत्रू कोण म्हणणार?

म्हणून आम्ही एक हट्ट धरला. पुढच्या वेळी कधी जमायचे हे ठरल्याशिवाय चहाचे भांडे उघडायचे नाही. आणि पुढच्या वेळी सगळ्यांत आधी वही उघडायची. ज्याने जे अंगावर घेतले ते झाले का, नसेल तर सोडायचे की दुसऱ्याला द्यायचे. विषय सोडण्यात कमीपणा नाही, वहीत "सोडला" असे लिहितो. दिव्यांचा विषय असाच सुटला. माकडांचा सुटतही नाही आणि पुढेही जात नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण त्यावर सुप्रभात आणि वाढदिवसांपलीकडे फारसे काही घडत नाही. कामे होतात ती वहीतली.

यावर काही ज्येष्ठ म्हणतील, हे तर आपल्या जुन्या गांवकरीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेतच, होते. अंशतः खरे. बांध, तळी, पाट हे सगळे गांवकरीने राखले, आणि १५२६ साली आफोंस मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फोराल नावाच्या सनदेत ज्या चालीरीती नोंदवल्या, त्या पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या. पण त्या बैठकीत बसत होते कोण? ठरावीक वांगडांचे (मूळ कुळांचे) पुरुष. माझ्या आजोबांना, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून, तिथे जागा नव्हती, आणि आजीचा तर प्रश्नच नव्हता. पाडेल्याचा खडू त्या बैठकीत चालला नसता. जुन्याचे कौतुक करावे, पण तेवढेच घ्यावे जेवढे घेण्यासारखे आहे.

आणि ग्रामसभा मोडीत काढा असे मी म्हणत नाही. गोवा पंचायत राज कायदा १९९४चा आहे, ग्रामसभेला त्याने अधिकार दिले आहेत, देवळाच्या चौकाला काही अधिकार नाहीत. उद्या कुणी पाटावर भराव घालून बंगला उठवू लागला तर आमच्या वहीला कुणी विचारणार नाही. म्हणून पाट उपसून झाल्यावर आम्ही ग्रामसभेत गेलो, या वेळी मागणी घेऊन नव्हे, तर झालेले काम आणि पाटाचा नकाशा घेऊन. पाट, तळी आणि झर पंचायतीच्या दप्तरी नोंदवा, त्यांच्यावर बांधकामाला परवाने देऊ नका, असा ठराव मांडला. ओरडावे लागले नाही. जैवविविधता कायदा २००२चा, त्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. झरीची, तळीतल्या माशांची, माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला, लागणाऱ्या रानफळांची माहिती त्या वहीत घाला असेही सांगितले. ती भरायचे काम वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांनी घेतले आहे, कारण माटोळीतले कांगले रानात कुठे मिळते ते त्यांनाच ठाऊक.

अडचण एकदाच आली, पण मजेशीर. ताटांची बातमी फिरल्यावर एका पुढाऱ्याची माणसे आली. पुढच्या वेळी मंडप आमचा, माईक आमचा, सामोसे आमचे, फक्त मागे एक बॅनर. वहिनींनी त्यांना बसवले, सोल कढी दिली आणि विचारले, कोणता विषय मांडता? खाली नाव घालावे लागेल आणि काम आपल्याला करावे लागेल. बॅनर परत गेला. ते गृहस्थ माणूस म्हणून वाईट नाहीत. पण व्यासपीठ एकदा आले की आम्ही पुन्हा रांगेत बसणार, हे नक्की.

आता आपल्या वृत्तपत्रामार्फत पंचायतींना एक विनंती. पाऊस असला की देवळाचा चौक पुरत नाही, आणि सगळ्यांना देवळात येणे सोयीचे असतेच असे नाही. शेजारच्या वाड्यावर ख्रिस्ती घरे आहेत, तिथल्या बायकांना ताटांच्या कामात यायचे आहे. पंचायतीचे सभागृह बहुतेक रविवारी कुलूपबंद असते. ते वापरायचे तर अर्ज, अनामत, भाडे आणि वर "कार्यक्रमाचे अध्यक्ष कोण" असा रकाना. आमच्याकडे अध्यक्ष नाही. वाड्यावरच्या अशा जमण्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ सभागृह विनामूल्य द्यावे आणि अर्जावरचा तो रकाना काढून टाकावा. त्याशिवाय ग्रामसभेचा पहिला अर्धा तास वाड्यावाड्यांवर लोकांनी स्वतः काय केले, हे ऐकण्यासाठी राखून ठेवावा, तक्रारी त्यानंतर घ्याव्यात. दोन्हींना पैसा लागत नाही.

माझे नाव छापू नये. वाड्यावर पाडेल्याला आणि वहिनींना वाटेल की मी श्रेय लाटायला बसलो आहे, आणि मला अजून पुढच्या रविवारी त्यांच्यात बसायचे आहे.

आपला,
कदंबाचा एक निवृत्त कंडक्टर,
फोंडा तालुका