सोळा आण्यांतले दोन आणे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घानातल्या अकान लोकांच्या वारसापद्धतीवर लेख आला होता. मथळ्यात ‘मातृसत्ता’ हा शब्द होता. पुढच्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं की, ज्या समाजात बापाच्या घामाची कमाई पोराला न मिळता भाच्याला मिळते तो समाज अन्यायीच म्हटला पाहिजे. दोन्ही वाचून मला राहवलं नाही. 1989 ते 1999 अशी दहा वर्षं आम्ही कुमासी शहरात होतो. यजमान एका सॉमिलमध्ये यंत्रांवर देखरेख करायचे आणि मी तिथेच हिशेबाच्या वह्या सांभाळायचे. अकानांपैकी आसांते लोक हे कुमासीचे मूळचे. त्यांच्यात वावरून जे पाहिलं आणि नंतर वाचून जे समजलं ते लिहिते.

आधी त्या शब्दाबद्दल. अकानांकडे बायकांचं राज्य नाही. आईच्या रक्ताने बांधलेल्या कुळाला ते ‘अबुसुआ’ म्हणतात आणि त्या कुळाचा प्रमुख बहुधा पुरुषच असतो. पुरुषाची मालमत्ता त्याच्या आईकडून सख्ख्या असलेल्या भावाकडे जाते, भाऊ नसले की बहिणीच्या मुलाकडे. बाईची तिच्या बहिणींकडे, मुलींकडे. कोण कुणाचा वारस हे बायकांवरून मोजतात, एवढाच त्याचा अर्थ. बायकांना मान मात्र मोठा आहे. राजा कोण व्हावा हे सुचवण्याचा पहिला हक्क ‘ओहेमा’चा, म्हणजे राणीमातेचा. ती राजाची बायको कधीच नसते. आई, मावशी, बहीण, भाची यांपैकी कुणीतरी असते. 1900 साली इंग्रज गव्हर्नरने आसांतेंचा सोन्याचा चौरंग, म्हणजे त्यांच्या राज्याचं पवित्र प्रतीक, मागितला तेव्हा लढाई उभी केली ती एजिसूच्या राणीमातेने, या आसांतेवा हिने. ‘या’ हे गुरुवारी जन्मलेल्या मुलीचं नाव. माझा जन्म गुरुवारचा, म्हणून मिलमधल्या बायका मलाही ‘या’ म्हणायच्या आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तेव्हा ‘मातृवंश’ म्हणावं, ‘मातृसत्ता’ नको.

ही पद्धत मला उमगली ती एका मयताच्या मांडवात, पावत्यांच्या टेबलावर. कुमासीत शनिवार म्हणजे मयताचा दिवस. भाड्याचा मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, लाल-काळ्या कापडातली माणसं आणि लाउडस्पीकर. येणारा प्रत्येक जण पैसे देतो. त्याची वहीत नोंद होते, पावती फाडली जाते आणि नाव व रक्कम सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुकारतात. आमच्या मिलमधला एक जुना करवत्या वारला तेव्हा मॅडमला हिशेब येतो म्हणून पावतीपुस्तक माझ्या हातात दिलं. संध्याकाळी जमाखर्च मांडला तर तूट आली. शिवाय त्या माणसाचं स्वतःचं कर्ज होतं. अबुसुआतल्या मोठ्या माणसांनी तिथल्या तिथे तूट आपसांत वाटून घेतली. कर्ज वारस ठरलेल्या भाच्याच्या नावावर गेलं. मी विचारलं, मुलांच्या वाट्याला काय? शेजारी कुळातले एक निवृत्त शाळामास्तर बसले होते. ते म्हणाले, बापाची शवपेटी मुलांनी आणायची असते, ती त्यांनी आणली. कर्ज त्यांचं नव्हे.

पत्रलेखक महोदयांनी जमेची बाजू पाहिली, देण्याची पाहिली नाही. अकान माणूस बुडाला तर त्याला वर काढायची जबाबदारी अबुसुआची. मास्तरांनी त्या दिवशी मला एक जुनी गोष्ट सांगितली. एक सरदार कर्जात बुडाला. सावकाराकडे माणूस गहाण ठेवायचं ठरलं. ही चाल तिकडे खरोखरच होती. बायकोने आपली मुलं द्यायला नकार दिला. बहिणीने मात्र आपला मुलगा दिला. तेव्हा सरदार म्हणाला की, जो माझं ऋण अंगावर घेतो तोच माझं धन घेईल. गोष्ट ती गोष्टच, इतिहास नव्हे. पण ज्या समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्याला वारसा म्हणजे काय वाटत होतं हे तिच्यातून नीट कळतं.

पद्धत मुळात आली कुठून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. रॅट्रे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1920च्या दशकात आसांतेंबद्दल पुष्कळ लिहून ठेवलं. त्यात त्यांची स्वतःची समजूत येते. मुलाला रक्त, ‘मोज्या’, आईकडून मिळतं आणि तेज किंवा आत्मबळ, ‘न्तोरो’, बापाकडून. रक्ताबरोबर कूळ, जमीन आणि चौरंगावरचा म्हणजे गादीवरचा हक्क येतो, बापाकडून स्वभाव आणि नाव. बाळाचं नाव ठेवण्याचा मान बापाचाच असतो. म्हणजे मूल बापाला पारखं नसतं. इतिहासकार आयव्हर विल्क्स यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते 15व्या ते 17व्या शतकात तिथलं घनदाट जंगल तोडून शेती उभी राहिली, त्याला अफाट मनुष्यबळ लागलं आणि ते सोन्याच्या मोबदल्यात आणलं गेलं. पोर्तुगीजांनी 1482 मध्ये किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला आणि बेनिनच्या बाजूने आणलेले गुलाम ते अकान व्यापाऱ्यांना सोन्यासाठी विकत होते, हे तर नोंदलेलंच आहे. परक्या माणसांना सामावून घेता येईल अशी कुळं या गरजेतून घडली, असं विल्क्स म्हणतात. शेती त्याहून पुष्कळ जुनी आहे, असा त्यावर आक्षेप आहे.

मला विल्क्स यांचं सगळं पटतं असं नाही, पण एक गोष्ट कुमासीत मी स्वतः अनुभवली. कुणाचं मूळ कुठलं हे चारचौघांत काढायचं नाही, असा आसांतेंचा जुना दंडक आहे. नवीन असताना मी एका सहकारी बाईला सहज विचारलं, तुमचं घराणं मूळचं कुठलं? सगळ्या खोलीत शांतता पसरली. नंतर मास्तरांनी समजावलं की, ज्यांची आजी-पणजी विकत आणलेली होती तेही आज कुळातले आहेत आणि ते तसेच राहावेत म्हणून हा नियम. हा नियम मला फार थोर वाटला. पण त्याची काळी बाजू लपवू नये. गुलाम बाईला स्वतःचं अबुसुआ नसायचं, म्हणून तिची मुलं पूर्णपणे नवऱ्याच्या कुळाची होत. त्या मुलांवर हक्क सांगायला मामा नसे. पुरुषांना अशी बायको सोयीची वाटे, आणि त्या बाईला पाठ टेकायला जगात एकही भिंत नसे.

आता न्यायाचं. जुन्या आसांते गावांत पुष्कळदा नवरा आपल्या आईच्या घरी राहायचा आणि बायको तिच्या आईच्या घरी. दिवेलागणीला मुलं डोक्यावर जेवणाचं भांडं घेऊन आईच्या घरून बापाच्या घरी जायची. मिलमधल्या एका आजींनी ते स्वतः केलेलं होतं. कुठल्या गल्लीतून जायचं, वाटेत कुत्रा कुठे असायचा, हे त्या साठ वर्षांनीही सांगत. या व्यवस्थेत हिशेब जुळतो. समजा, मी आसांते बाई आहे. माझ्या मुलाला त्याच्या बापाचं घर मिळालं नाही, तरी माझ्या भावाचं मिळतं. तिकडे माझ्या नवऱ्याचं घर त्याच्या बहिणीच्या मुलाला मिळतं. मी नवऱ्याच्या शेतात राबलेच नाही, तर त्यावर हक्क कसला सांगू? माझं शेत माझ्या कुळाचं. मामाला तिकडे ‘वोफा’ म्हणतात, आणि भाच्याच्या शाळेची फी वोफाने भरली नाही तर लोक तोंडावर बोलतात.

हिशेब मोडला तो कोकोने. टेट्टे क्वार्शी नावाच्या गृहस्थाने 1879 मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोचं बी आणलं आणि 1911च्या सुमाराला गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, जगात सर्वांत जास्त कोको पिकवू लागला. नवी जमीन गावापासून दूर रानात. नवरा तिथे गेला, बायकोला बरोबर घेऊन गेला. कोकोच्या रोपाला पहिली काही वर्षं सावली लागते. ती सावली देतात केळी आणि आपल्या अळूसारखी मोठ्या पानांची कोकोयाम. ही लावणी बायकोची. त्या पानांची ती भाजीही करते, ‘कोन्तोमिरे’. मी कुमासीत त्याचंच चिंचगूळ घालून फतफतं करायची. चार-पाच वर्षांनी झाडं धरतात, पुढे तीस वर्षं फळं देतात. शेंगा फोडणं, बिया आंबवणं, वाळवणं यात बायको आणि मुलं सगळी. मग नवरा मेला की बाग भावाची नाहीतर भाच्याची. इथे माझा पत्रलेखकांशी वाद नाही. हा अन्यायच होता, फक्त त्यांना त्यात बाप आणि मुलगा एवढेच दिसले. ज्या बाईच्या केळीच्या सावलीत ती बाग वाढली ती त्यांच्या पत्रात कुठेच नाही.

उपाय रीतीच्या आतही होता. जिवंतपणी नवरा साक्षीदारांसमोर बागेचा तुकडा बायकोला किंवा मुलांना देऊ शकायचा, आणि घेणाऱ्याने ‘असेदा’ म्हणजे आभाराची भेट दिली की व्यवहार पक्का. कितीतरी समंजस नवऱ्यांनी ते केलं. पण जे उद्यावर टाकत राहिले त्यांच्या बायका रिकाम्या हाताने परतल्या. न्याय असा कुणाच्या चांगुलपणावर किंवा आयुष्यमानावर टांगून ठेवता येत नाही.

म्हणून घानातल्या रॉलिंग्ज यांच्या सरकारने 1985 मध्ये विनामृत्युपत्र वारशाचा कायदा केला, क्रमांक 111. आम्ही पोचलो तेव्हा त्याला चारच वर्षं झाली होती आणि बाजारात बायका त्याबद्दल बोलत असत. घरातलं सामान आणि एक घर बायको-मुलांचं. उरलेल्या मालमत्तेचे सोळा भाग. मी वाचलं तेव्हा मला आमच्या आजोबांचे सोळा आणेच आठवले! बायकोला तीन आणे, मुलांना नऊ आणे, आईवडिलांना दोन आणे आणि रीतीप्रमाणे ज्याचा हक्क त्याला दोन आणे. त्या शेवटच्या दोन आण्यांसाठी मला हा कायदा शहाणा वाटतो. केरळने 1975च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच मोडीत काढली आणि तिच्याबरोबर नायरांची तरवाडं, म्हणजे आईच्या वंशाची एकत्र घराणीही. घानाने अबुसुआला दोन आण्यांचा का होईना, जागता वाटा ठेवला. (भाच्याकडे जाणारा वारसा आपल्यालाही इतका परका नाही. मुंबईत हॉटेलं चालवणाऱ्या बंट समाजाचा अळियसंतान कायदा हाच होता.)

पण कायद्याला भोकं आहेत. तो माणसाच्या स्वकमाईला लागतो, कुळाच्या जमिनीला नाही. आमच्या मिलचा एक ट्रकचालक 1994 मध्ये अपघातात गेला. त्याची कोकोची बाग कुळाच्या जमिनीवर होती. जमीन कुळाची, झाडं मात्र नवरा-बायकोने मिळून लावलेली. अठरा वर्षांची मेहनत. मिलकडून मिळालेली रक्कम कायद्याने वाटली गेली, तो हिशेब मीच केला. बागेवर मात्र तिचं काही चाललं नाही. भाचा वाईट नव्हता. मामाच्या धाकट्या दोघांची फी तो भरायचा, पावत्या आणून मला दाखवायचा. पण बाग त्याची झाली आणि ती बाई तिथून उठली.

ती गेली कुठे, हे मला इथल्या वाचकांना सांगायचं आहे. ती तिच्या आईच्या गावी गेली. आई हयात नव्हती, मोठी बहीण होती. महिन्याभराने मी तिला भेटायला गेले तर अंगणाच्या एका बाजूला तिची खोली होती आणि मागे कुळाच्या जमिनीत तिने भुईमूग पेरला होता. मी विचारलं, बहिणीने किती दिवस राहा म्हणून सांगितलंय? तिला प्रश्नच कळला नाही. मी दोनदा विचारला. मग ती म्हणाली, हे घर माझं आहे, मला कोण काय सांगणार?

आम्ही परत आलो आणि 2002 मध्ये माझे वडील गेले. मिरज तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं. पुढच्या वर्षी मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही केली. भाऊ चांगला आहे, त्याने मागितलंही नव्हतं. सगळ्याच बहिणी करतात म्हणून केली. कागदावर छापील ओळ होती : ‘स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय’. आज माहेरी गेले की वहिनी प्रेमाने विचारते, किती दिवस आहात? या प्रश्नात काही वावगं नाही, हे मला कळतं. तरी दर वेळी मला ती भुईमुगाची जमीन आठवते.

पत्र लांबलं, क्षमस्व. जमल्यास पुरवणीत ‘मातृवंश’ ही दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस, मिरज