राणीची रात्रीची ऊब

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोनवर तू आमच्या राणी अजगरिणीबद्दल विचारलंस, "बाहेर एवढी थंडी आणि रात्री त्या बिचारीचा दिवा का मालवतेस? निदान अंगावर काही पांघरूण तरी घाल." बाबांनी मागून विचारलं की रात्रभर हीटर चालू ठेवून तुम्ही झोपता कसे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि फोनवर उरकण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पांघरुणाचं. आपल्या अंगात उष्णता तयार होते आणि पांघरूण ती बाहेर जाऊ देत नाही. राणीच्या अंगात अशी उष्णता तयारच होत नाही. भोवतालची जमीन आणि हवा जितकी गरम, जवळजवळ तितकंच तिचं अंग गरम. गार पडलेल्या सापाला कितीही गुंडाळलं तरी तो गारच राहतो. ऊब बाहेरूनच द्यावी लागते, आणि ती कुठे, किती नि कधी द्यायची हाच अजगर पाळण्यातला मुख्य अभ्यास आहे.

राणी बॉल पायथन जातीची. हे अजगर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ भागातले. दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून राहतात आणि अंधार पडला की बाहेर येतात. तिथेही रात्री पारा उतरतोच. त्यामुळे रात्र थोडी गार होणं हे त्यांच्या जगण्यातलंच आहे, तो आजार नव्हे. तिच्या पेटीची एक बाजू दिवसा ३१ ते ३२ अंश असते आणि दुसरी २६च्या आसपास. दोन्हीकडे तिला शिरून बसता येईल अशी अंधारी ढोली आहे. कुठे बसायचं हे ती ठरवते. रात्री उबदार बाजू मी दोन-तीन अंशांनी उतरू देते, पण पेटीतला कुठलाही कोपरा २४च्या खाली जाऊ देत नाही. रात्रीची सगळी व्यवस्था या २४च्या आकड्याभोवती आहे. ज्यांच्या घरात रात्रीही एवढी ऊब टिकते त्यांना वेगळं काही करावं लागत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात ती टिकत नाही.

एखादी रात्र पारा २२वर गेला तर धडधाकट सापाला काही होत नाही. घात करतो तो रोजचा, आठवडेच्या आठवडे चाललेला गारवा. अंग गार असलं की पचन मंदावतं, आणि गिळलेलं भक्ष्य पोटात पचण्याऐवजी कुजायला लागतं. मग साप ते उलटून टाकतो, त्यात त्याचे फार हाल होतात. म्हणून भक्ष्य दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस मी रात्रीही उबदार बाजू उतरू देत नाही. दुसरी भीती छातीची. गारव्यात प्रतिकारशक्ती मंदावते आणि फुप्फुसांना संसर्ग होतो. साप तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, शिट्टीसारखा आवाज येतो, नाकातोंडाशी बुडबुडे दिसतात. असं काही दिसलं तर घरी उपाय करत बसायचं नसतं, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. गारठ्यात ओल मिसळली तर सगळ्यात वाईट. कात नीट निघावी म्हणून हवेत ५५ ते ७० टक्के ओलावा लागतो, म्हणून पाणी घालायचं ते पेटी गरम असताना, झोपायच्या आधी नाही.

आता दिव्याचं. तिच्या रात्रीला अंधार हवा. पूर्वी लोक रात्री लाल किंवा निळे बल्ब लावायचे, साप तो प्रकाश पाहू शकत नाहीत या समजुतीने. निळा प्रकाश तर त्यांना सरळच दिसतो. १९९९ साली याच जातीच्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की त्यांना माणसाला न दिसणारे अतिनील किरणही टिपता येतात. लाल दिव्याचाही मला भरवसा वाटत नाही. काळोख सोडून दुसरं काहीही देण्याचं कारणच नाही, कारण प्रकाश न देता नुसती ऊब देणारा सिरॅमिकचा हीटर मिळतो. बल्बच्याच आकाराचा, होल्डरमध्ये बसणारा, पण उजेड शून्य. दिवसाचा दिवा मालवला की तो काम सुरू करतो. खाली अंथरायची गरम चटई असते, पण तिने फक्त तळ तापतो, हवा नाही. गारठलेल्या खोलीत नुसत्या चटईवर भागत नाही.

बाबा, आता तुमचा प्रश्न. यातलं कुठलंही उपकरण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान पाहून हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावायचंच नाही, याबाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या कितीतरी वर जातो. म्हणून त्याचा होल्डरही सिरॅमिकचाच आहे आणि भोवती लोखंडी जाळी आहे. साप तापलेल्या जागेवर कातडी भाजेपर्यंत पडून राहतो, आपण होऊन बाजूला होईल याची खात्री नसते, पोटाचे खवले भाजलेले साप डॉक्टर नेहमी पाहतात. थर्मोस्टॅटमध्ये सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे पेटीतलं तापमान टिपणारा त्याचा सेन्सर. सापाने अंगाने ढकलून तो पेटीच्या गार बाजूला नेला तर थर्मोस्टॅटला वाटतं की थंडी आहे, आणि तो हीटर चालूच ठेवतो. म्हणून आमचा सेन्सर पक्का जखडलेला आहे, आणि पेटी साफ करताना तो जागेवर आहे ना, हे आधी पाहायचं असा नियम आहे. शिवाय घरात धुराचा अलार्म आहेच.

मोजण्याबद्दलही सांगते, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. काचेला चिकटवायचे काट्याचे थर्मामीटर बेभरवशाचे. बंदुकीसारखा धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर चांगला, पण तो पृष्ठभागाचं तापमान सांगतो, हवेचं नाही. रात्रीसाठी खरा उपयोगाचा आहे तो कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर. त्याचा एक सेन्सर गार ढोलीत ठेवायचा आणि सकाळी उठल्यावर किमान आकडा बघायचा. पहाटेच आकडा सगळ्यात खाली जातो आणि तेव्हा माणूस झोपलेला असतो, आपल्या अंगाला खोली कशी वाटते यावरून काहीच कळत नाही. आकडा घसरायला लागला की मी आधी हीटर वाढवत नाही, पेटीच्या मागच्या नि बाजूच्या भिंतींना बाहेरून फोमचे तुकडे लावते. काचेतून फार ऊब निसटते.

सगळ्या अजगरांना एकच आकडा लावू नये, हेही लिहायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरचे डायमंड पायथन राणीला झेपणार नाहीत एवढ्या गार रात्री सहज काढतात. उलट बर्मीज अजगर केवढे धिप्पाड, पण जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात थंडीची लाट आली तेव्हा तिथल्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या भागात रेडिओ ट्रान्समीटर बसवलेल्या १० अजगरांपैकी ९ मेले. आकार मोठा म्हणून थंडी सोसते असं नाही.

आणि आई, तुला आवडेल असं एक. अजगराला स्वतःची ऊब नसते असं मी वर लिहिलं, पण अंडी उबवणारी भारतीय अजगरीण याला अपवाद आहे. अंड्यांभोवती वेटोळं घालून ती स्नायू सारखे आकसते-सोडते, आणि त्यातून भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश जास्त ऊब तयार करते. हवा जितकी गार होईल तितकं ते आकसणं वाढतं. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीवर हे मोजून १९६६ साली 'सायन्स' नियतकालिकात छापलं गेलं. राणीच्या जातीतल्या माद्याही अंड्यांना वेटोळं घालतात, पण त्यांना अशी ऊब काढता येत नाही. हे वाचल्यापासून मला भारतीय अजगराबद्दल फार आदर वाटतो.

वीज गेली तर काय, हे बाबा पुढच्या फोनवर विचारणारच. तेव्हा मात्र आई, पांघरूण कामी येतं: राणीच्या अंगावर नाही, पेटीवर. हवेची फट ठेवून पेटी झाकली की आतली साठलेली ऊब हळू उतरते. त्यातूनही उतरली तर गरम पाण्याच्या बाटल्या जाड फडक्यात गुंडाळून ढोलीच्या बाहेर, एका बाजूला ठेवायच्या, म्हणजे नको वाटलं तर तिला लांब सरकता येईल. वीज परत येऊन पेटी पूर्ववत तापेपर्यंत भक्ष्य द्यायचं नाही. हिवाळ्यात तसंही ती कधीकधी आठवडेच्या आठवडे काही खात नाही. वजन टिकून असेल तर त्याची काळजी करायची नसते, म्हणून फोनवर "आज जेवली का" असं रोज विचारू नकोस.

बाबा, थर्मोस्टॅटच्या जोडणीचा फोटो वेगळा पाठवते. वायरिंगमध्ये काही खटकलं तर लगेच कळवा.

तुमची लेक