मुलाचा हात उठतो तेव्हा घर एकटं पडतं

संपादक महोदय,

माझा १५ वर्षांचा मुलगा रागाच्या भरात माझ्यावर हात उगारू लागला, तेव्हा लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही वर्षभर दार लावून रडलो. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जायचं. कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

शेवटी नणंद, दीर आणि कबड्डीच्या सरांना बोलावून बसलो. मुलालाही बसवलं. सुऱ्या-कात्र्या कुठे ठेवायच्या, भडका उडाला की धाकटीला घेऊन कुणाकडे जायचं, हे त्याच्यासमोरच ठरलं. 'डोकं तापलं की मी आत्याकडे जाईन,' हे त्यानेच सुचवलं. तो अजून चिडतो, पण जातो.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यातच अशा कुटुंब-बैठकीला स्थान दिलं. आपल्याला मात्र पोलीस नाहीतर मौन, एवढंच सुचतं. शाळांतल्या समुपदेशकांनी आणि पालिकेच्या दवाखान्यांनी अशा बैठका घडवून आणाव्यात, ही कळकळीची विनंती. तोवर मार खाणाऱ्या आयांनी 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

– एक आई, लालबाग, मुंबई