रिपोर्टातला ‘नॉर्मल’ नेमका कुणाचा?

मा. संपादक,

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन आला. सूनबाईंना नववा लागलेला, वार आधीच सुटल्यामुळे रक्तस्राव सुरू. डॉक्टरांनी रक्तपेढीतून क्रायोच्या (रक्त गोठवणारे घटक असलेल्या) पिशव्या मागवलेल्या आणि याच्या हातात रिपोर्ट : फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, 212, शेजारी छापलेलं 200 ते 400. “काका, नॉर्मल आहे ना? मग या पिशव्या कशाला?” मागून त्याच्या मेव्हण्याचा चढलेला आवाज ऐकू येत होता.

मी तीस वर्षं लॅबमध्ये काढली. म्हटलं, आधी मेव्हण्याला खाली बसव. ते 200 ते 400 तुझ्यामाझ्यासारख्यांसाठी. गरोदरपणात हे प्रथिन वाढतं, शेवटच्या तीन महिन्यांत बहुतेकींचं 400 ते 600च्या घरात असतं. म्हणजे हिचं निम्मं तरी फायब्रिनोजेन रक्त गोठण्यातच खर्ची पडलंय. बाळंतिणीचा रक्तस्राव चालू असताना आकडा 200च्या खाली गेला, की डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो. ते त्याआधीच धावतायत, धावू दे.

आता मायलेकी घरी आहेत.

तपासणीत चूक नव्हती. क्लाउस यांची 1957ची पद्धतच आजही चालते : प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) पातळ करायचा, त्यात गुठळी घडवणारं थ्रॉम्बिन भरपूर घालायचं, गुठळी किती सेकंदांत होते ते मोजायचं. उशीर जास्त, तितकं फायब्रिनोजेन कमी. (या तपासणीच्या रक्ताची निळ्या बुचाची ट्यूब मात्र खुणेपर्यंत भरलेली हवी. घाईत अर्धवट भरून पाठवणाऱ्या सिस्टरांशी माझी कायम वादावादी व्हायची!) चूक होती ती शेजारच्या रकान्यात. तपासणीच्या फॉर्मवर ‘गरोदर, 37 आठवडे’ लिहिलेलं असताना रिपोर्टावर रेंज इतरांची, आणि 212पुढे साधी खूणही नाही.

लॅबचालकांना विनंती, की गरोदर बाईच्या रिपोर्टावर गरोदरपणाचीच रेंज छापावी. सॉफ्टवेअरला ते जड नाही. तोवर टेक्निशियनने पेनाने आकड्याभोवती गोल करून लेबर रूमला फोन लावावा. आम्ही तेच करायचो. इंटरकॉम बंद असला, तर जिना चढून जायचो.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, चिपळूण